हाताने घासलेला वस्तरा: ७५ मिमीच्या व्हीलवर धारेच्या मागे भोक का पडतं?

ऐरणीमागे (प्रश्न)

६/८ मापाचे (इंचात पात्याची रुंदी) चार वस्तरे घासायला घेतलेत. माल ओएचएनएसची (तेलात कडक होणारं टूल स्टील) ६ मिमी जाड पट्टी. पातं १९ मिमी रुंद, ७० मिमी लांब, पाठ शेवटी ५.५ मिमी ठेवायची आहे. मशीन ५० × १८३० मिमी पट्ट्याचं, २ एचपी मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) बसवलेला. पातं पूर्ण पोकळ हवं, नखाने टिचकी मारली की वाजणारं, म्हणून ७५ मिमीचं छोटं व्हील (ज्यावरून पट्टा वळतो ते चाक) लावलं. हार्डनिंगच्या (तापवून तेलात बुडवून कडक करण्याच्या) आधी ३६ आणि ६० नंबरच्या पट्ट्याने धार १ मिमी उरेपर्यंत पोकळ काढली. हार्डनिंग आणि टेंपरिंग (कडक झाल्यावर मंद तापवून ठिसूळपणा कमी करणं) बाहेरून करून घेतलं, चलनावर ६१ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) आहे. त्यानंतर १२० नंबरचा कोरा सिरॅमिक पट्टा.

पहिल्या दोन पात्यांत व्हर्नियर धारेवर ०.३० दाखवत असतानाच धारेपासून साडेतीन मिमी वर आरपार चीर पडली. एकात तर २० मिमी लांब. तिसरं पातं धार ०.४५ असताना थांबवलंय. भोक नाही, पण नखावर दाबलं की धार लवण्याऐवजी पातं धारेच्या वरच्या बाजूला मोडल्यासारखं वाकतं. चौथ्यात धार अजून ०.६ आहे, पण नाकाच्या (पात्याच्या पुढच्या टोकाच्या) कोपऱ्यात ३ मिमी निळं पडलंय.

हात तिरका जातोय की व्हील चुकलंय? दोन्ही बाजूंच्या रेघा पाठीपासून सारख्या अंतरावर आहेत, मध्यरेषाही धरलेली आहे. तिसरं आणि चौथं पातं वाचवता येईल का?

---

टूलरूम_दुसरी_पाळी

हात चुकलेला नाही. रेघा सारख्या आहेत आणि चीर दोन्ही पात्यांत त्याच उंचीवर आहे, म्हणजे उलट हात चांगलाच बसलाय. चुकला तो व्हीलचा व्यास. एवढ्या रुंद पात्याला ७५ मिमी चालत नाही, आणि हे मशीन चालू करण्याआधी कागदावर दिसतं.

वर्तुळाची जीवा आठवा. पात्यावर पोकळीचं एक टोक धारेवर असतं, दुसरं पाठीच्या जरा खाली. तुमच्याकडे पाठीचे वरचे २ मिमी सोडले तर जीवा १७ मिमी. धारेपासून क्ष मिमी अंतरावर व्हील एका बाजूने जेवढं आत शिरतं ते असं:

खोली = क्ष × (१७ − क्ष) ÷ व्हीलचा व्यास

हे दोन्ही बाजूंनी होतं, म्हणून दुप्पट वजा करायचं. कशातून? तर पोकळी नसती तर तिथे जी पाचर असती तिच्या जाडीतून. १७ मिमीवर पाचरीची जाडी ४.९ आहे आणि धारेवर ०.३०, म्हणजे धारेपासून वर जाताना दर मिलिमीटरला ०.२७ मिमी जाडी वाढते.

आता क्ष = ३.५ घाला. पाचरीची जाडी ०.३० + ०.९५ = १.२५. व्हीलची खोली ३.५ × १३.५ ÷ ७५ = ०.६३, दोन्ही बाजू मिळून १.२६. उरलं काय? काहीच नाही. नेमकं साडेतीन मिमीवर, नेमकं धार ०.३० असताना. तुमची चीर गणितात बसते इतकी तंतोतंत आहे.

खरं तर ही चीर हार्डनिंगला जाण्याआधीच ठरलेली होती. धार १ मिमी होती तेव्हा धारेपासून चार मिमी वर पातं जेमतेम ०.५३ मिमी होतं. बघणारा धारेकडे बघतो, पातळ मात्र मागे झालेलं असतं. तिसऱ्या पात्यात धार ०.४५ आहे, तर साडेतीन मिमीवर ०.१० च्या आसपास उरलंय. ते मोडल्यासारखं वाकतं ते त्यामुळे.

धारेपासून ४ मिमी वर, धार ०.३० धरून, वेगवेगळ्या व्हीलवर काय उरतं ते सांगतो: १०० मिमीला ०.३४, १२५ ला ०.५५, १५० ला ०.६९, २०० ला ०.८६, २५० ला ०.९६. १०० चं वरवर ठीक वाटतं, पण त्यात २ मिमीवर ०.२४ निघतं, म्हणजे धारेपेक्षा मागची बाजू पातळ. धार पुढे ०.१५ ला आणली की तिथे ०.१० च राहतं. असं पातं धार लावायच्या दगडावर टेकलं की फडफडतं आणि बेव्हल (धारेलगतची दगडावर घासलेली बारीक पट्टी) कधी रुंद, कधी अरुंद येतो.

म्हणून एकाच व्हीलने पूर्ण पोकळी काढायची असेल तर सगळ्यात छोटं चालणारं व्हील असं काढा:

व्यास = २ × जीवेचा वर्ग ÷ (पाठीखालची जाडी − धारेची जाडी)

तुमच्यासाठी २ × २८९ ÷ ४.६ = सुमारे १२५ मिमी. त्याच्या खाली गेलात की धारेच्या मागे पातं आत दबायला लागतं. ७/८ मापाच्या, ६ मिमी पाठीच्या पात्याला हाच आकडा १५५ च्या पुढे जातो. ५/८ आणि ४.५ मिमी पाठीला १०५ च्या आसपास येतो. पातं रुंद होतं तसं व्हील मोठं लागतं. बहुतेकांना हे उलट वाटतं, कारण 'जास्त पोकळ म्हणजे छोटं व्हील' एवढंच ऐकलेलं असतं.

सवयीच्या कामाला २०० मिमी घ्या. मध्यावर १.९ मिमी जाडी राहते, वस्तरा अर्धपोकळ होतो, दाढीला उत्तम चालतो आणि घासताना चुकायला जागा असते. १२५ वर मध्यावर १.४५ येते.

---

निसणा

वरच्या हिशेबात भर: पोकळ पातं साध्या व्हर्नियरने मोजूच नका. व्हर्नियरचे जबडे सपाट आणि रुंद असतात. पोकळीवर ठेवले की ते दोन्ही काठांवर टेकतात आणि तळ मोजलाच जात नाही. ०.५३ च्या जागी ०.९ दिसेल आणि मन खुश होईल.

टोकदार अॅन्व्हिलचा मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम. नाही तर बेअरिंगच्या ६ मिमीच्या दोन गोळ्या ग्रीसने मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांवर चिकटवा, आधी गोळ्या एकमेकींना टेकवून वाचन घ्या आणि ते नंतरच्या वाचनातून वजा करा. नाकाशी, मध्यात आणि टाचेशी (शेपटीकडच्या, म्हणजे बोटाने धरायच्या दांडीकडच्या टोकाशी), प्रत्येक ठिकाणी धारेपासून १, ४ आणि ८ मिमीवर, असे नऊ आकडे पात्यालाच मार्करने लिहून ठेवायचे. दर पट्टा बदलताना पुन्हा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ओएचएनएसची पट्टी काही फुकट येत नाही.

---

टूलरूम_दुसरी_पाळी

बरोबर. आणि तिसऱ्या पात्याचं राहिलं. ते वाचतं, आणि मजा म्हणजे तुम्हाला हवा होता तसा वस्तरा त्यातूनच निघेल.

सगळ्यात पातळ जागा साडेतीन मिमीवर आहे ना? मग धार तिथेच आणा. खालचे ३.६ मिमी काढून टाका. रुंदी १५.४ उरते, म्हणजे ५/८ च्या जरा खाली. नव्या धारेवर जाडी ०.१० आहेच आणि तिथून वर पातं फक्त जाड होत जातं: २ मिमी वर ०.२०, पाच मिमी वर ०.७५. हे शुद्ध पूर्ण पोकळ पातं झालं. घासताना पाठ साडेपाच असेल तर ७५ चं व्हील १५ मिमीच्या आसपासच्या पात्याला चालतं, १९ ला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फक्त कोन सांभाळा. वस्तरा दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून चालतो, म्हणून धारेचा कोन वापरणाऱ्याच्या हातात नसतो, घासणाऱ्याच्या हातात असतो. ५.५ पाठ आणि १९ रुंदीला १६.५ अंश होता. रुंदी १५.४ झाली आणि पाठ तशीच ठेवली तर २० अंशांच्या वर जातो, असा वस्तरा ओढतो. पाठ दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी घासून ४.५ करा, कोन १६.६ वर येईल. १५ ते १८ च्या मधे कुठेही असला तरी चालतं. १५ च्या खाली धार लवकर झडते.

कापताना पहिले ३ मिमी पट्ट्यावर, मशीन मंद ठेवून, पातं उभं धरून. शेवटचा अर्धा मिमी हाताने, ओल्या डायमंड प्लेटवर. पक्कडीने तुकडा मोडायचा मोह आवरा. ६१ एचआरसीला भेग सरळ जात नाही, वर पाठीकडे वळते.

भोक पडलेल्या दोन पात्यांनाही हेच करता येईल. चिरेच्या वर पूर्ण धातू लागेपर्यंत, म्हणजे साडेचार मिमीपर्यंत उतरावं लागेल. रुंदी १४.५, पाठ ४.२. चीर नाकापर्यंत गेली नसेल तरच करा. टोकाशी भेग शिल्लक राहिली तर ते पातं भंगारातच टाकावं. गालावर चालणाऱ्या वस्तूत 'चालून जाईल' नको.

---

ऐरणीमागे

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण मग जर्मन वस्तरे ६/८, ७/८ असूनही कागदासारखे पातळ कसे असतात? त्यांची व्हील तर लहान असायची असं वाचलंय.

---

पोलादी

कारण त्यांत एक पोकळी नसते, दोन असतात. झोलिंगेनचं (जर्मनीतलं वस्तऱ्यांचं गाव) पूर्ण पोकळ पातं आडवं कापून बघितलं तर पाठीखाली एक खोल खळगा, मग मधे हलकीशी जाड पट्टी, तिच्या खाली धारेपर्यंत दुसरा उथळ खळगा, असं दिसतं. मधल्या जाडीला आपण पोट म्हणू. उजेडात तिरकं धरलं तर पोट धारेला समांतर रेघेसारखं चमकतं. ते पोट पात्याला ताठ ठेवतं, म्हणून खालचा भाग पातळ असूनही दाढी करताना गुंडाळत नाही. हे काम तिथे दोन दगडांच्या मधून पातं लांबीच्या दिशेने फिरवून होत असे आणि पोकळ घासणारा कारागीर वेगळाच असे; लोहाराचं काम वेगळं, घासणाऱ्याचं वेगळं. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे याउलट जवळजवळ सरळ पाचरीसारखे आहेत, आणि तेही गुळगुळीत दाढी करतात. पातळ म्हणजे चांगलं हा समज थोडा सैल करायला हरकत नाही.

पट्टा मशीनवर हेच करायचं तर १९ मिमीच्या पात्याला असं वाटून घ्या. धारेपासून ७ मिमी वर पोट, तिथे जाडी ०.८. ७ ते १७ मिमी हा वरचा भाग, जीवा १०, त्याला तुमचं ७५ चं व्हील बेलाशक चालतं. सूत्रात घातलं तर खालची मर्यादा ४९ मिमी येते. खालचे ७ मिमी मात्र २०० च्या व्हीलवर. त्याची मर्यादा १६५ च्या आसपास आहे, म्हणून १५० नको. असं केल्यावर धार ०.२० असताना खालच्या भागाच्या मध्यावर ०.३८ उरतं. वाजणारं पातं हेच.

क्रम महत्त्वाचा: आधी वरचा भाग, पाठीकडून सुरुवात करून खाली. पोटाची रेघ मार्किंग ब्लूवर (रेघ दिसावी म्हणून फासायची निळी शाई) सुईने ओढून ठेवा आणि त्या रेघेपासून १ मिमी वरच थांबा. नंतर खालचा भाग. दोन्ही खळगे एकमेकांत मिसळवायचं काम शेवटी, २२० किंवा ४०० नंबरच्या लवचिक कापडी पट्ट्याने. आधी खालचा भाग घासला तर वरचा घासताना कंपनाने धार थरथरते आणि पट्टा तिला पकडतो.

छोट्या व्हीलवर पट्ट्याचा सांधा फार त्रास देतो. एकावर एक चढवलेला सांधा असेल तर दर फेरीला ठोका बसतो आणि पात्यावर लहरी उमटतात. टोकाला टोक लावून मागून टेप मारलेला सांधा घ्या. पट्टा व्हीलच्या काठाबाहेर २-३ मिमी काढून ठेवला की टाचेशी पोकळी जिथे संपते तिथे तीक्ष्ण खाच न पडता गोलाई येते. खाच दिसायला वाईट असतेच, शिवाय हार्डनिंगमधे भेग तिथूनच सुटते.

व्हीलचं रबर मऊ असेल तर दाब पडला की ते चपटं होतं, म्हणजे ७५ चं व्हील ९०-१०० सारखं वागतं आणि काठ गोल करतं. आकार देताना ७० शोअरच्या (रबराच्या कडकपणाचं माप) वरचं कडक रबर. मऊ फक्त शेवटच्या फिनिशला.

---

मंद_आच

निळ्या डागाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून.

ओएचएनएस ६१ ला असेल तर टेंपरिंग १८० ते २०० अंशांच्या दरम्यान झालेलं आहे. म्हणजे घासताना धार त्याच्या वर गेली की मऊ पडायला सुरुवात. गवती पिवळा रंग २०५-२२० च्या आसपास दिसतो आणि निळा ३०० ला. याचा अर्थ रंग दिसतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, आणि रंग नाही म्हणजे चटका बसला नाही असंही नाही. निळ्याच्या शेजारी पिवळी पट्टी असते, पिवळ्याच्या शेजारी आणखी मिलिमीटरभर बिनरंगाचा मऊ झालेला भाग असतो. तोही जायला हवा.

नाकाचा कोपरा जळतो कारण तिथून उष्णतेला जायला वाट नाही. पात्याच्या मध्यात दोन्ही बाजूंना धातू आहे, वर पाठ आहे. कोपऱ्यात फक्त हवा. त्यात बहुतेकांचा हात नाकाशी येऊन क्षणभर थांबतो, कारण तिथून दिशा बदलायची असते. थांबायचं नाही, पातं पट्ट्यावरून सरळ बाहेर जाऊ द्यायचं आणि दाब नाकाच्या १० मिमी आधीच सोडायचा.

चौथ्या पात्याला सोपा उपाय: नाक गोल करा. चौकोनी नाकाचा कोपराच जळलाय, तर ५-६ मिमी त्रिज्येची गोलाई दिली की निळं, पिवळं आणि पलीकडचा मिलिमीटर सगळं निघून जाईल. जुन्या वस्तऱ्यांत गोल नाक नेहमीचंच आहे, कोणाला कळणारही नाही. पुढच्या खेपेला पातं नाकाकडे ३ मिमी लांब ठेवा आणि ते शेवटी कापून टाका. मात्र डाग धारेवर नाकापासून टाचेकडे पसरलेला असेल तर गोलाईने भागणार नाही.

घासण्याबद्दल: धार १ मिमी असताना तीन-चार फेऱ्यांनंतर पाणी चालतं. ०.५ च्या खाली दर फेरीला पाणी, उघड्या बोटांनी धरून. हातमोजे घातले की उष्णता कळत नाही, आणि फिरत्या पट्ट्यात मोजा अडकला तर बोटासकट जातो. बोटांना चामड्याची टोपणं चालतील. ०.३ च्या खाली पातं ओलंच पट्ट्यावर टेकवायचं. धारेवरचा पाण्याचा थेंब उडाला की फेरी तिथेच संपली. बादलीत गार पाणी हवं. दोन तासांनी ते कोमट होतं आणि लक्षात राहत नाही.

पट्ट्याचा वेग मोजा. १०० मिमीच्या ड्राइव्ह व्हीलवर २८८० फेरे म्हणजे सेकंदाला १५ मीटर. मऊ लोखंडाला ठीक. हार्डनिंगनंतर व्हीएफडी निम्म्यावर, ७ मीटरच्या आसपास, आणि शेवटच्या पट्ट्यांना त्याहून कमी. पट्टा नवा हवा. झिजलेला पट्टा कापत नाही, फक्त चोळतो, आणि चोळण्याची सगळी उष्णता पात्यात जाते. चार पात्यांना शेवटच्या टप्प्यात १२० चे दोन कोरे पट्टे लागले तर जास्त समजू नका.

मास्क लावा. ओलं घासलं तरी धूळ उडते.

---

लोहारखाना

मला मुळात हार्डनिंगच्या आधी पोकळ काढण्यालाच आक्षेप आहे. पाठ साडेपाच, मधे अर्धा मिमी, धार एक मिमी, असं पातं तेलात गेलं की तीन जागा तीन वेगवेगळ्या वेळी आकसतात. पातं धनुष्यासारखं वाकतं किंवा धारेला लाटा येतात. शिवाय साध्या भट्टीत, झाकण न देता, पृष्ठभागावरचा कार्बन जळतो; तो थर दोन्ही बाजूंनी घासून काढायला माल शिल्लक हवा. तुमच्या पात्यात तिथे अर्धाच मिमी होता. भोक पडलं नसतं तरी ती जागा मऊच राहिली असती. पट्टी कडक करून घ्या, मग सगळं घासा. सिरॅमिक पट्टे आल्यापासून हे अवघड राहिलेलं नाही.

---

टूलरूम_दुसरी_पाळी

अर्धं मान्य. पोकळी आधी काढू नये हे बरोबर. पण सगळंच नंतर घासा हे महागात पडतं. ६ × १९ च्या पट्टीचं क्षेत्रफळ ११४ चौरस मिमी. तयार वस्तऱ्याचं, १२५ च्या व्हीलवर, ४१ च्या आसपास. म्हणजे ७३ काढायचे. आधी फक्त सरळ पाचर घासली, पाठ ५.५ आणि धार १ मिमी, तर त्यातले ५२ मऊ असतानाच निघून जातात. उरलेल्या २१ साठीच कडक मालाशी झगडायचं. सरळ पाचरीत जाडी एका उतारात बदलते, मधे पातळ कंबर नसते, म्हणून ती वाकतेही कमी.

मधला मार्ग हाच: आधी सपाट प्लेटवर पाचर, नंतर सगळी पोकळी. धार १ मिमीच्या खाली नको. कार्बन गेलेला थर बाजूला ०.२ धरला तरी सहज निघून जातो.

बाकी हार्डनिंगच्या आधी उरकायच्या गोष्टी: पिनचं भोक, शेपटीखालच्या कानशीच्या खाचा, नावाचा ठसा, आणि ६० नंबरच्या आडव्या रेघा १२० ने काढून टाकणं. खोल रेघ म्हणजे तेलात भेग सुटायची जागा.

---

लोहारखाना

ठीक, पाचरीपर्यंत हरकत नाही. बाहेरून हार्डनिंग करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तोंडी न सांगता चलनावर लिहून द्याव्या. एक, ६१-६२ एचआरसी हवं. डायची सवय असलेला माणूस न विचारता त्याहून मऊ करून देईल, आणि ५७-५८ चा वस्तरा दगडावर सुंदर लागतो पण दोन दाढ्यांत बसतो. दोन, पाती पिनच्या भोकातून तार ओवून उभी टांगावीत, ट्रेमधे आडवी रचू नयेत.

घरी करणाऱ्यांसाठी ओएचएनएसला ८०० ते ८१५ अंश, पात्याने भट्टीचा रंग धरल्यावर दहा मिनिटं, मग ५०-६० अंशांच्या तेलात नाक खाली करून सरळ उभं. तेलात हलवायचं ते वर-खाली किंवा धार-पाठ या दिशेने. बाजूला हलवलं की एक गाल (पात्याची एक बाजू) आधी थंड होतो आणि पातं वाकतं. तेलातून काढल्यावर हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच टेंपरिंग, १८० ला दोन तास, दोनदा. घरगुती ओव्हनचा काटा भरवशाचा नसतो. वाळूच्या ट्रेमधे पातं आणि शेजारी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवा.

वाकलंच तर पहिल्या टेंपरिंगनंतर जाड पट्टीवर क्लॅम्प करा, वाकाच्या उलट दिशेला, जेवढा वाक आहे त्याच्या दीड ते दुप्पट ताणून, आणि तसंच दुसऱ्या टेंपरिंगला घाला. थंड असताना शिकंज्यात धरून वाकवायला गेलात तर काचेसारखं तुटेल.

---

निसणा

घासायला लागण्याआधी पाठ तपासा, हे कोणी लिहिलं नाही. पाठ नाकाशी ५.५ आणि टाचेशी ५.३ असेल तर बाकी कितीही नीट घासा, दगडावर बेव्हल एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद येणार. नाकापासून टाचेपर्यंत ०.०५ च्या आत हवी. काचेवर पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार टेकवून, आणि खालून ०.०५ चं फीलर (फट मोजायची पातळ पत्री) सरकवून बघा. दोन्ही गालांना. एका गालाला मधे सरकलं आणि दुसऱ्या गालाला टोकांना सरकलं म्हणजे पातं वाकलेलं आहे. तो दोष पोकळी काढून जात नाही, लपतो फक्त.

टाचेशी, शेपटीकडे जाताना, जो जाड खांदा राहतो तो दगडाच्या काठावर चढतो. तो चढला की टाचेचे ५-६ मिमी दगडाला लागतच नाहीत आणि लोक म्हणतात धार लागत नाही. खांदा धारेच्या शेवटापासून ३-४ मिमी मागे सरकवा.

---

ऐरणीमागे

तिसऱ्या पात्याचे ३.६ मिमी काढले, पाठ ४.५ केली. धारेवर तीन जागी ०.११, ०.१०, ०.१३. टिचकीला वाजतंय. चौथ्याला गोल नाक दिलं, आता त्याला २०० चं व्हील लावायचं आहे, पण ७५ ने पोकळी आधीच झालेली आहे. २०० चं व्हील त्यात नीट बसेल का? आणि दगडाला कधी न्यायचं, धार किती असताना?

---

टूलरूम_दुसरी_पाळी

चौथ्यात धार ०.६ म्हणजे साडेतीन मिमीवर ०.२३ आसपास उरलंय. २०० चं व्हील काठांवर टेकेल, तळाला पोचण्याआधीच धार संपेल आणि त्या मागे पातळ कंबर तशीच राहील. त्यालाही तिसऱ्याचाच मार्ग: खालचे ३.७ मिमी काढा, पाठ ४.५. म्हणजे नाकाची गोलाई पुन्हा द्यावी लागेल. ती आधी दिलीत ते वाया गेलं, पण डाग बहुधा कापलेल्या तुकड्याबरोबरच जाईल. नव्या धारेवर ०.२३ असेल, ती ७५ वर पाण्यात बुडवत ०.१५ पर्यंत आणा. २०० चं व्हील पुढच्या पट्टीपासून.

दगडाकडे ०.१५ ला न्या. १६.५ अंशांना बेव्हल अर्ध्या मिमीहून थोडा रुंद येतो, तेवढा पुरे. ०.२५ ला नेलं तर जवळपास ०.९ मिमीचा बेव्हल होतो आणि १००० नंबरवर तासभर जातो. तिसऱ्याला आता पट्टा अजिबात लावू नका, थेट १००० वर. बेव्हलवर मार्कर फासा, दोन फेऱ्या मारा, शाई कुठे राहते ते बघा. ०.१३ वाली जागा सगळ्यात उशिरा पुसली जाईल. दाब वाढवू नका. ०.१० जाडीचं पातं दाबाने लवून वरच्या बाजूला टेकतं आणि धार तशीच राहते. वस्तऱ्याच्या वजनापेक्षा थोडाच जास्त भार, पाणी भरपूर. १००० वर धार बारीक खिरायला लागली, म्हणजे भिंगातून कडेला दाते दिसले, तर तिथे थांबून इथे फोटो टाका. भट्टीत दाणा वाढलाय की पट्ट्याचा चटका आहे ते खिरण्याच्या जागेवरून कळेल. सगळ्या लांबीवर सारखं खिरत असेल तर भट्टी, एकाच जागी असेल तर चटका.